महादेवरावांची पेट्रोल-बचत

चौऱ्याहत्तर साली पेट्रोल भडकलं, तेव्हा महादेवरावांनी गाडी विकण्याऐवजी स्वतः सुधारायचं ठरवलं. (गाडीला गिऱ्हाईक नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) त्यांनी पेपरात वाचलं होतं की गाडी हलकी ठेवावी, बेतानं चालवावी, थांबली की इंजिन बंद करावं, पेट्रोल वाचतं, धूरही कमी होतो. त्यांनी लगेच डिकीतली स्टेपनी, जॅक आणि इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल काढून पलंगाखाली सारलं.

त्याच रविवारी इतवारी पेठेत मेव्हणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं. नवरीचा शालू शेजारी बसलेल्या बायकोच्या, चारुशीलाबाईंच्या मांडीवर. गाडी इतकी बेतानं चालली होती की सायकलवाले वळून विचारपूस करत होते.

व्हरायटी चौकात शिपायानं हात दाखवला. महादेवरावांनी इंजिन बंद केलं.

"काहून बंद केली?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"पेट्रोल वाचते न वं."

शिपायाचा हात खाली आला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"हँडल मारा न मंग," चारुशीलाबाई म्हणाल्या.

"हँडल घरी आहे. वजन कमी केलं."

बाईंनी पदर खोचला. (संसारात याहून वाईट लक्षण नाही.) शालू काखेत मारून त्या उतरल्या आणि पानठेल्यावरच्या चारजणांसोबत त्यांनी धक्का दिला. गाडी सुरू झाली. महादेवरावांचा जीव भांड्यात पडला.

इतवारीच्या गल्लीत एक हातगाडी आडवी आली. ते थांबले, आणि नव्या सवयीचा हात आपोआप किल्लीवर गेला. इंजिन बंद पडल्याच्या शांततेत आपण काय केलं ते त्यांना कळलं.

"मी चालली," चारुशीलाबाई म्हणाल्या. "माह्या बहिणीचं साक्षगंध आहे. तुम्ही वाचवा पेट्रोल."

शालू घेऊन त्या सायकलरिक्षात बसल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

गल्लीतल्या हमालांना धक्का द्यायला फुरसत नव्हती. मे महिन्याच्या उन्हात, एक हात स्टिअरिंगवर, खांदा दाराला लावून महादेवराव स्वतःच गाडी ढकलत निघाले. पोचले तेव्हा साक्षगंध आटोपून पंगती उठत होत्या. मांडवाच्या दारात मुलाकडच्या एका माणसानं त्यांना अडवलं.

"ड्रायव्हर लोकाईची पंगत तिकडं आहे गा."

आपण घरचे जावई, हे सांगायला महादेवरावांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बुंदीचं ताट घेऊन चारुशीलाबाई आल्या. नजरानजर झाली. महादेवरावांना धीर आला. बाईंनी त्यांचे काळे हात पाहिले, फाटलेली बाही पाहिली.

"वाढा त्याले," त्या म्हणाल्या. "बिचारा पायदळ आला."