बाबांच्या बंदुकीची नळी

एलवुड हेकमनच्या जेवणाच्या टेबलावर गेला पंधरवडा जेवण नव्हतं, मेपलची फळी होती. फळीवर खाकी कागद आणि कागदावर पेन्सिलीने खऱ्या मापात काढलेली चकमकीची बंदूक. दस्ता, चाप, घोडा, सगळं ठरलं होतं. नळीच्या जागी मात्र खोडून खोडून कागद विरत आला होता. एलवुडची बायको अर्लीन मांडीवर ताटली घेऊन जेवत होती.

बंदूक हुबेहूब बाबांच्या बंदुकीसारखी करायची, यावर दोघा भावांचं एकमत होतं. बाबांची नळी कशी होती, यावर नव्हतं. धाकट्या मर्विनच्या मते तिला आतून आटे होते. गोळी गिरक्या घेत सुटायची आणि सरळ जायची. एलवुडच्या मते नळी आतून सपाट होती.

"बाबा स्वतः म्हणालेत," एलवुड म्हणाला. "शेवटच्या हंगामात हरीण समोरून निघून गेलं, तेव्हा घरी आले नि म्हणाले, नळी झिजून सपाट झाली, आता ही कामाची नाही. भिंतीवर टांगली ती टांगलीच."

"बाबांची नळी झिजेल? अरे, आईला जपलं नाही एवढं त्या बंदुकीला जपलं त्यांनी."

"आणि मला सपाटच बरी. आटेवाल्या नळीतून नेम चुकला तर मी चुकलो. सपाट नळीतून चुकला तर नळी चुकली."

यावर कोणी हसलं नाही. मागच्याच आठवड्यात एलवुडच्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये लोण्याशेजारी सापडली होती. बाबा शेवटी शेवटी पोटच्या पोरांना ओळखत नव्हते. आपणही त्याच वाटेला लागलोय, ही भीती एलवुडच्या मनात घर करून होती. हातांना आठवतंय तोवर एक बंदूक घडवायची आणि नाताळानंतरच्या हंगामात ती घेऊन एकदा डोंगर चढायचा, एवढंच त्याला हवं होतं. अर्लीनला ते ठाऊक होतं, म्हणून तर ती मांडीवर ताटली घेऊन जेवत होती. पण सहनशक्तीलाही हद्द असते.

"भिंतीवरची काढा आणि बघा की आत," ती म्हणाली.

"बाबांनी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," दोघे एकदमच म्हणाले.

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"पण सांगितलंय ना," मर्विन म्हणाला.

अर्लीनने ताटली बाजूला ठेवली, खुर्ची ओढली आणि बंदूक स्वतःच उतरवली. नळीत गंजाचा अंधार होता, काही दिसेना. एलवुडने गजाला फडकं गुंडाळून आत सारला. गज तळाआधीच अडला. त्याने तो बाहेर काढून नळीला लावून पाहिला. तळापर्यंत जायला बोटभर कमी पडत होता. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या खोऱ्यात याचा अर्थ शेंबडं पोरही सांगेल. बंदूक भरलेली होती.

तिघांनी हळूच भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं या नळीचं तोंड टेबलाच्या मुख्य खुर्चीकडे होतं.

"दर नववर्षाला पाद्रीबुवांना मी तिथेच बसवते," अर्लीन म्हणाली. "आग्रह करकरून. आंबट कोबी दोनदा वाढते." मग तिने दाराकडे बोट केलं. "बाहेर. बंदूकही आणि तुम्ही दोघंही."

कोठारामागे दोघांनी नळीच्या कानातून, म्हणजे तळाशी असलेल्या बारीक भोकातून, पाणी सोडलं, म्हणजे आतली दारू भिजून निरुपद्रवी व्हावी. मग गजाला स्क्रू लावून तो शिशाच्या गोळीत रुतवला. गोळी हलेना. मर्विनने बंदुकीला मिठी मारली, एलवुडने गज धरला.

"ओढ."

"ओढतोय की."

"मग मीच का तुझ्याकडे येतोय?"

गोळी सुटली तेव्हा एलवुड बर्फाच्या चिखलात बसला आणि मर्विन कोंबड्यांच्या पाण्यात. पण मर्विनला त्याचं काही नव्हतं. त्याने गोळी पुसून डोळ्यांपाशी धरली. कडेला तिरक्या रेघा उमटल्या होत्या, अगदी स्वच्छ.

"आटे! बघ, मी काय म्हणत होतो? अजून नव्यासारखे आहेत."

एलवुड गोळीकडे बघतच नव्हता. त्याने बंदूक उलटी धरली होती आणि तिच्यातून गंजाचं तांबूस पाणी ठिबकत होतं. त्यात काळं काहीच नव्हतं.

"दारू कुठाय?" तो म्हणाला.

त्याने पांढरं फडकं तळापर्यंत फिरवून काढलं. नुसता गंज. आत दारू कधी पडलीच नव्हती. आधी दारू, मग गोळी. दारू विसरली तर नुसती कानापाशी रंजक, म्हणजे ठिणगीसाठी बाहेर ठेवलेली चिमूटभर दारू, जळते आणि गोळी तळाशी बसून राहते. असं कोणाचं झालं की बाबा त्याला वर्षभर 'पिठाशिवाय पाव भाजणारा' म्हणत, आणि अख्खा शिकारी क्लब हसायचा.

मर्विनने घोड्यात अडकवलेली गार, ठिणगी पाडणारा दगड, पाहिली. झिजून नखाएवढी उरली होती. म्हणजे बाबांनी एकदा नाही, पुन्हा पुन्हा चाप ओढला होता, डोंगरावर, एकट्याने.

"पण गोळी काढायचा स्क्रू त्यांच्या पिशवीतच असायचा," मर्विन म्हणाला. "काढली का नाही?"

"काढता येते हेच आठवलं नसेल," एलवुड म्हणाला. त्याने फडक्याची घडी घातली. "तेव्हा ते माझ्याच वयाचे होते."

मर्विनला फार वाईट वाटलं. आयुष्यभराचा वाद जिंकून त्याला कधी नव्हे इतकं वाईट वाटलं. त्याने गोळी खिशात टाकली आणि भावाला हात देऊन उठवलं.

घरात अर्लीन वाटच बघत होती. "काय निघालं?"

"जुनी चिंधी अडकली होती," मर्विन म्हणाला.

"म्हणजे पाद्रीबुवांना धोका नव्हता?"

"तसूभरही नाही."

"आणि नळी?"

मर्विनने एलवुडकडे पाहिलं नाही. "सपाट. पार झिजलेली. याचंच खरं होतं."

मग त्याने नळ्या बनवणाऱ्याला फोन लावला आणि सपाट नळी सांगितली. एलवुडने पेन्सिल घेतली आणि कागदावर नळीच्या जागी सावकाश दोन सरळ रेघा ओढल्या.

"डोंगरावर येशील ना माझ्याबरोबर?" त्याने विचारलं.

"येईन. दारू मी घालेन, गोळी तू घाल."

"का रे?"

"सपाट नळी," मर्विन म्हणाला. "तिचा काही भरवसा नसतो."