विळीचं माप

गोजरबाईनं लाल भोपळा विळीवर टेकवून जोर दिला, तेव्हा भोपळा दुभंगला आणि त्याच्याबरोबर विळीचा पाटही. पातं जागच्या जागी उभं राहिलं, पण पाटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत फट गेली.

"जालन्याला जाऊनच राह्यले, तर पाट तेवढा नवा बसवून आणा," ती नवऱ्याला म्हणाली.

रखमाजी दारात बैल जुंपत होता. कापूस चांगला पिकला होता आणि त्यामुळं त्याचं मन मोठं झालं होतं. "पाट कशाला? नवी इळीच आणतो. हिचं पातं बघ की, झिजून झिजून नुसती कोर राह्यली."

"मला हीच बरी हाये."

पण तोवर गाडी केदारखेड्याच्या वेशीकडं निघाली होती.

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांमागच्या बोळात पाशामियाँचं दुकान होतं. दुकान कसलं, एक भाता, एक ऐरण आणि भिंतीवर टांगलेल्या विळ्या. जर्मनीची लढाई चालू असल्यानं चांगलं पोलाद मिळत नव्हतं. म्हणून म्हातारा मोडक्या मोटारींच्या चाकांवरच्या पोलादी कमानी विकत घेऊन त्यांची पाती घडवायचा. त्यानं भिंतीवरची एक विळी काढून खाली ठेवली आणि तिच्या धारेवर विड्याचं पान नुसतं सोडलं. पान जमिनीवर पडलं ते दोन होऊन.

रखमाजी बराच वेळ त्या दोन तुकड्यांकडं बघत राहिला. "हीच बांधा," तो म्हणाला.

"कुणाच्या हातासाठी?"

"घरधनिनीच्या."

"मंग सांगा. पाटावर कोणता पाय ठेवते? डावा का उजवा?"

रखमाजीनं आपल्याच दोन्ही पायांकडं बघितलं.

"बसल्यावर गुडघ्यापासून हात किती लांब येतो? भाजी खालून लावते का वरून? घरात जादा काय कापतात, पालेभाजी का भोपळा?"

"इळी ती इळी, मियाँ. तिला येवढं काय?"

"मोची पाय बघितल्याबगर जोडा देतो का?" पाशामियाँनं विळी पुन्हा खिळ्याला अडकवली. "लग्नाला किती सालं झाली?"

"एकोणीस."

"बिलकुल काही घाई न्हाई. बराबर बघून या, पुढच्या बाजाराला सांगा."

परतीच्या वाटेवर रखमाजीला एकच गोष्ट छळत होती. एकोणीस वर्षं तो रोज दोन वेळ त्या विळीवर चिरलेलं खात आला होता आणि बायको कोणता पाय ठेवते हे त्याला ठाऊक नव्हतं. बरं, आता विचारायचं तरी कोणत्या तोंडानं? गुपचूप बघून घ्यावं, असं त्यानं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तो शेतावर न जाता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला. गोजरबाईनं तडकलेल्या पाटाला सुतळीचे वेढे दिले, डावा पाय त्यावर रोवला आणि भेंड्या घेतल्या. रखमाजी फक्त पाय बघायला आला होता, पण त्याची नजर हातांवर गेली आणि तिथंच अडकली. ती पात्याकडं बघतच नव्हती. डोळे चुलीवरच्या डाळीवर, तोंडानं मांजराला हाकलणं चालू, आणि हात आपले धारेच्या पुढं गव्हाएवढ्या अंतरावरून जात-येत होते. ताटात भेंडीच्या चकत्या पडत होत्या. सगळ्या एका जाडीच्या, टाकसाळीतून निघाल्यासारख्या. कांद्याला तर तिनं आरपार कापलंच नाही. आधी उभ्या चिरा, मग आडव्या, आणि शेवटी सगळा कांदा एकदम भुरभुरला.

हे रोज आपल्या घरात चालतं आणि आपण बाहेर बसून भाकरीची वाट बघतो, असं त्याला वाटलं.

"काय पाह्यजे?" गोजरबाईनं विचारलं.

"काही न्हाई. बघून राह्यलो."

तिनं चमकून पाहिलं. लग्नाच्या वर्षानंतर हा माणूस असं बघत बसला नव्हता.

तिसऱ्या दिवशीही तो बसला, चौथ्या दिवशीही. पाचव्या दिवशी ती पाण्याला गेल्यावर त्यानं सुतळी घेतली. ती बसते तिथपासून भिंतीपर्यंत, भिंतीपासून चुलीपर्यंत, पाटापासून अंदाजानं तिच्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत त्यानं मापं घेतली आणि कोळशानं भिंतीवर रेघा ओढल्या. तेवढ्यात शेजारची द्वारकाबाई विरजण मागायला आली. ती दारातच थांबली, रेघा पाहिल्या आणि विरजण न घेताच परत गेली. स्वयंपाकघराचं माप माणूस कशाला घेतो? मधी भिंत घालायला. भिंत कशाला घालतो? दुसरी चूल मांडायला. आणि दुसरी चूल कुणासाठी, ते काही द्वारकाबाईला कुणी सांगायला नको होतं.

तरी ती न्यायाची बाई होती. खात्री केल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून तिनं संध्याकाळी रखमाजीला गोठ्याशी गाठलं.

"भाऊजी, नवी आणून राह्यले म्हणं?"

"तुम्हाला कळलं का? पुढच्या बाजाराला आणतो," रखमाजी म्हणाला. "जालन्याला बघून ठेवलीय. काय चमक हाये, वहिनी. नजर ठरत न्हाई."

द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. "अन् जुनीचं काय?"

"ती आता पार झिजली. पडू दे गोठ्यात. बैलाला गाजरंबिजरं कापायला होईल."

रात्र व्हायच्या आत ही गोष्ट शब्दन् शब्द गोजरबाईच्या कानावर गेली. ती रडली नाही. तिनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं आणि सकाळी नदीपल्याड माहेरी निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा भाऊ कडूबा आला. कडूबा एकटाच होता, पण काठी घेऊन आला होता. गोजरबाईचं बोचकं ओसरीवर बांधून तयार होतं.

"कुणीकडं निघालीस?" रखमाजीनं विचारलं.

"दाजी, ते मंग बोलू," कडूबा म्हणाला. "आधी सांगा, जालन्याची ती कोण हाये?"

"कोण ती?"

"जी पुढच्या बाजाराला आणणार हाव."

"ती व्हय. पाशामियाँच्या घरची हाये."

कडूबानं काठी या हातातून त्या हातात घेतली. गोजरबाईनं बोचक्याची गाठ आणखी आवळली.

"न्हाई, पण तो अजून देत न्हाई," रखमाजी तक्रारीच्या सुरात म्हणाला. "म्हणतो, आधी घरचीचं सगळं बराबर सांगा, मंग देतो. म्हणून तर आठवडा झाला, कामधंदा सोडून हिच्याकडं बघत बसलोय. मोटारीच्या कमानीचं पातं हाये, कडूबा. पान नुसतं सोडलं तर दोन तुकडे."

कडूबाची काठी खाली आली.

"कशाचं पातं?" कडूबानं हळूच विचारलं.

"इळीचं. दुसरं कशाचं?"

मग सगळंच बाहेर आलं. पाशामियाँनं काय काय विचारलं, आपल्याला त्यातलं एकही कसं आलं नाही, सुतळी कशाला, रेघा कशाला. रखमाजी मान खाली घालून सांगत होता. कडूबा काठी भिंतीला टेकवून तिच्याकडं पाठ करून उभा राहिला, जणू ती काठी त्याची नव्हतीच. पलीकडं कुडाशी द्वारकाबाईच्या बांगड्या वाजल्या आणि लांब गेल्या.

"डावा," गोजरबाई म्हणाली.

"काय?"

"डावा पाय ठेवते मी पाटावर. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

तिनं बोचकं सोडलं. त्यात दोन लुगडी होती आणि लुगड्यांत गुंडाळलेली ती विळी होती. "लग्नात आईनं दिल्ती. ती काय गोठ्यात ठेवणार होते का मी? चला, मला तो मियाँ बघायचाय. इतकं विचारणारा माणूस हाये तरी कोण?"

बाजाराच्या दिवशी तिघंही जालन्याला गेले. पाशामियाँनं फुटका पाट बाजूला केला, झिजलेलं पातं काढून नखानं वाजवलं आणि कानाशी नेलं. मग उन्हात धरून त्याच्या धारेवरून नजर फिरवली. पुन्हा फिरवली.

"बाई, ह्याला ठेवता कसं?"

"कसं म्हंजी? धुतली की लगेच कोरडी करते. चिंच, कैरी कापली तर हातासरशी पुसते. पावसाळ्यात करडीच्या तेलाचं बोट लावते. ऊस कापू देत न्हाई कुणाला. धार गेली की नदीतला एक चपटा गोटा हाये, त्याच्यावर वल्ली करून घासते. एकाच अंगानं न्हाई, दोन्ही."

"जरा कापून दाखवा."

त्यानं पातं तात्पुरतं एका पाटात ठोकलं आणि काकडी दिली. गोजरबाई बसली. बोळातून जाणारे दोन हमाल पोती पाठीवर घेऊनच थांबले. काकडीच्या चकत्या पडू लागल्या. पाशामियाँनं एक उचलून डोळ्यासमोर धरली तर पलीकडची ऐरण तिच्यातून दिसत होती. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. रखमाजीनं कडूबाकडं असं पाहिलं, की जणू त्या चकत्या त्यानंच केल्या होत्या.

"पाटील, हिला मी नवी देणार न्हाई," पाशामियाँ म्हणाला. "पोलाद चांगलं होतं ते घडवणाऱ्याचं. बाकी सगळं ह्या हातानं केलंय. माझ्या इळीला इथवर यायला वीस सालं लागतील, अन् असा हात मिळाला तरच. हिला सागाचा पाट बसवून देतो. बस."

"मी पाटच म्हणले होते," गोजरबाई म्हणाली.

"अन् मी? रिकाम्या हातानं जाऊ?" रखमाजीनं भिंतीवरच्या त्या चमकत्या विळीकडं पाहिलं.

पाशामियाँनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बसा खाली. कोणता पाय पुढं येतो बघू."

अशा रीतीनं केदारखेड्यात रखमाजीची स्वतःची विळी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेजारी शेजारी बसले, मधे वांग्यांची टोपली. गोजरबाई आपल्या विळीवर, तो आपल्या. ती न बघता कापत होती आणि तो श्वास रोखून. एकदा बोट धारेला लागता लागता राहिलं, तेव्हा तिनं त्याचं मनगट धरून दोन बोटं मागं सरकवलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. त्याच्या फोडी काही चिंचोक्याएवढ्या झाल्या, काही बैलाच्या खुराएवढ्या. तिनं त्या पाहिल्या आणि दोघांच्या फोडी एकाच पातेल्यात टाकल्या.

दुपारी जेवायला कडूबाही होता. भाजी झकास झाली होती, कडूबाच्या ताटात फोडी मऊ आणि एकसारख्या शिजलेल्या. कडूबानं दोनदा मागून घेतली आणि दाजींच्या हाताचं कौतुक केलं. रखमाजी खुशीत आला. मग त्यानं आपल्या ताटात भाकरीचा तुकडा बुडवला, आणि त्याच्या लक्षात आलं की अर्धवट कच्च्या, खुराएवढ्या त्या सगळ्या फोडी गोजरबाईनं मोजून त्याच्याच ताटात वाढल्या होत्या.

त्यानं एकही मागं ठेवली नाही.