चार रिंगा आणि एकच बटण

काळ्या कापडावर एकात एक शिवलेल्या चार लाकडी रिंगा, मधोमध कोटाचं लाल बटण आणि सगळ्यात आतल्या रिंगेला हुकानं अडकवलेलं एक पांढरं बटण. सुनेनं आठवडाभर खपून एवढंच केलं होतं. सासूबाईंनी ते चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय गं?"

"हायड्रोजनचा अणू, आई. उद्याच्या पाठासाठी."

"आणि बाकीची बटणं?"

"एकच असतं त्याला. इलेक्ट्रॉन म्हणतात."

"चार रिंगांना मिळून एक?"

"ते उड्या मारतं. शक्ती मिळाली की वरच्या रिंगेवर जातं. खाली आलं की तीच शक्ती उजेड होऊन बाहेर पडते."

सासूबाईंनी मान हलवली. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला मान हलवता येते, पण कळलं नाही असं म्हणता येत नाही.

नऊ वर्षं घर सांभाळून सून नुकतीच शाळेत लागली होती, तीही तात्पुरती. उद्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, तिच्या वर्गात मागे येऊन बसणार होत्या. पाठ रंगला तर नोकरी कायम, नाही तर महिनाअखेरीला पुन्हा पोळपाट. सुनेला दोन दिवस जेवण जात नव्हतं. सासूबाईंनाही जात नव्हतं, पण त्यांनी ते पित्तावर घातलं होतं.

सून भाजी आणायला गेली आणि सासूबाई त्या कापडासमोर येऊन बसल्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बाई. कापड विरेल, पण त्यांनी लावलेलं बटण तुटायचं नाही अशी ख्याती. त्यांच्या घरातून शाळेत जाणाऱ्या कापडावर एकच बटण, आणि तेही लोंबतं? मोठ्या बाई म्हणतील, सुनेला चार बटणं द्यायला सासूचा हात आखडला.

त्यांनी कपाटातून डबा काढला. शिंपल्याची छत्तीस बटणं, आजवर एकाही गिऱ्हाइकाला न दिलेली. रिंगांवर लावली, उरली ती रिंगांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावली. लोंबणाऱ्या बटणाचा हुक काढून टाकला आणि त्याला दुहेरी दोऱ्यानं चार टाके घालून वर गाठ मारली. मग सगळं चादरीत बांधलं.

सून आल्यावर त्या म्हणाल्या, "नीट बांधून ठेवलंय. सोडू नकोस, चुरगळेल."

"आई, किती करता हो," सून म्हणाली. सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. कौतुक ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुनेच्या हातात वह्या, म्हणून चादर सासूबाईंनी उचलली आणि वर्गाच्या दाराबाहेरच्या बाकावर ठाण मांडलं. विज्ञानाचा वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता, सगळ्यात वरच्या पायरीवर मोठ्या बाई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या.

"हा बोर या शास्त्रज्ञानं सांगितलेला हायड्रोजनचा अणू," सून म्हणाली. "याला एकच इलेक्ट्रॉन असतो." आणि तिनं चादर सोडली.

सदतीस पांढरी बटणं चमकली.

वर्ग हसला. सुनेनं त्यातलं आपलं बटण वर सरकवायला ओढलं. ते हलेना. जोर लावला तर मधलं लाल बटण तुटून टुणटुणत कपाटाखाली गेलं. ते तेवढं सुनेनं लावलेलं होतं.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, मधल्या जागेतपण इलेक्ट्रॉन असतात?"

मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. सुनेचा चेहरा उतरला. दारातून सासूबाईंना तो दिसला आणि त्या गुडघे विसरून उठल्या.

"मी केलंय ते," त्या आत येऊन म्हणाल्या. "तिचं बरोबर होतं. मला एकच बटण बरं दिसेना. चुकलं माझं."

हे शेवटचे दोन शब्द त्यांच्या तोंडून नवऱ्यानंही ऐकले नव्हते. सून त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिनं पायऱ्यांकडे पाहिलं.

"आई, एक पायरी वर चढाल?"

"माझे गुडघे काय म्हणतील?"

"मग चहा लागेल." सुनेनं वर पाहिलं. मोठ्या बाईंनी मुकाट्यानं कप खाली पाठवला. सासूबाईंनी दोन घोट घेतले आणि चढल्या.

"शक्ती मिळाली, इलेक्ट्रॉन वर गेला," सून म्हणाली. "आता आई, दोन पायऱ्यांच्या मधोमध उभ्या राहा."

"मधोमध कुठं? मी काय घार आहे?"

"बघा, मध्ये थांबता येत नाही. आता खाली या."

सासूबाई उतरल्या. "मेल्या पायऱ्या," त्या पुटपुटल्या.

"खाली आल्यावर काहीतरी बाहेर पडतंच. एका पायरीला एवढं. तिसरीवरून एकदम खाली आल्या तर?"

"जास्त बोलतील," वर्ग एका सुरात म्हणाला.

उरलेला चहा संपवून सासूबाई तिसऱ्या पायरीवर गेल्या. तिथून त्यांनी खाली पाहिलं. पोरं कान टवकारून बसली होती आणि फळ्याजवळ हातात खडू धरून आपली सून उभी होती. त्या भिंत धरून एका दमात उतरल्या. आता मोठी शिवी बाहेर पडणार म्हणून सगळे थांबले.

"सून आहे ती माझी," सासूबाई म्हणाल्या. "शिकवलेलं मलासुद्धा कळलं."

मोठ्या बाईंनी वही मिटली. "पुढच्या वर्षी सोडियम आहे," त्या म्हणाल्या. "त्याला अकरा लागतात. सासवांची सोय आतापासून बघून ठेवा."

त्या संध्याकाळी सासूबाई खिडकीपाशी कापड मांडीवर घेऊन बटणं काढत बसल्या. अर्ध्या तासात तीन निघाली. बोटाला कात्री लागली.

"कुणी लावलीत ही एवढी घट्ट?" त्या करवादल्या.

सून चहा टाकायला उठली.