उचगावचे लेझीम फितीवर चढून कोगनोळीस गेले, त्या मोहिमेची हकीकत

श्रीरवळनाथ समर्थ. थोरांच्या बखरी थोरांनी पदरचे लोक ठेवून लिहविल्या, सबब त्यांत धनी पळाला ऐसे कोठे आढळत नाही. ही बखर कोणी लिहविली नाही, सबब घडले तेच लिहिले आहे. ज्यास झोंबेल त्याने खुशाल झोंबू द्यावे.

शके अठराशे चाळीस, कालयुक्त संवत्सरी, मानमोडीचा ताप मुलखावर चालून आला, आणि घरोघर माणसे अंथरुणास खिळली, आणि मग सरकारातून फर्मान सुटले की जत्रा बंद, ताफे बंद, जमाव करून रस्त्याने कोणी जाऊ नये. साहेबलोकांच्या बंगल्यावरचा बाजा आणि नाच मात्र बंद न जाहला. त्या नाचास ताप बाधत नसावा.

ऐशा समयी उचगावच्या लेझीम-ताफ्याचे नायक, वज्रपाऊल राजश्री रवळूजी बहुत चिंतेत पडिले. कारण ऐसे की, कोगनोळीच्या जत्रेत पहिला नाच उचगावचा, हा मान आज्यापासूनचा. आणि शर्त ऐसी की, एक साल जरी कोगनोळीकरांच्या डोळ्यांदेखत नाच सलामीपर्यंत पुरा न जाहला, तरी मान कोगनोळीच्याच पोरांकडे जावा. ती पोरे टपूनच होती. रवळूजींस भाकर गोड लागेना. आज्याने मिळविले ते आपल्या हयातीत गेले, तर लेझीम विहिरीत टाकून द्यावे, ऐसे मनात आणिले.

तो निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, यंत्राधिपती नेमिनाथशेट, खरेदीनिमित्त उचगावी आले. त्यांजपाशी मुंबईहून आणिलेली तीन पायांची पेटी होती. दांडा फिरविला की समोरचे हालते चित्र तिच्यातील फितीवर उतरे, आणि मग मागे दिवा लावून तोच दांडा फिरविला की ते भिंतीवर उमटे. मसलत ठरली की ताफा जाऊ शकत नाही, तर ताफ्याची चित्रे जावी. शेटजींच्या गाडीस परवाना होताच, आणि गाडीत रवळूजींपुरती जागाही होती.

मग खळ्यावर फौज उभी राहिली. निम्मे वीर तापातून नुकते उठलेले, कोणाच्या नाकास फडके, कोणाच्या डोकीस घोंगडी. शेटजींनी पेटीच्या भोकास डोळा लाविला आणि कपाळास हात लाविला.

"रवळू अण्णा, नुसत्या पाठी दिसायल्यात की! तोंडं इकडं करा."

आता उचगावचा रिवाज ऐसा की, हलगीवाला रिंगणाच्या मधोमध, आणि नाचणाऱ्याने तोंड सदैव हलगीकडे ठेवावे. हलगीस पाठ करणे म्हणजे रणातून पळणे.

"हलगीला पाठ? शेटजी, आमच्यात मेल्यालं मानूसबी हलगीला पाठ करत न्हाय."

"मग कोगनोळीकरांनी तुमची धोतरंच बघायची काय?"

"बघू देत. धुतल्यालीच हाईत."

तह काही होईना. अखेर शेटजी संतापले, पेटी खांद्यावर मारून थेट रिंगणात घुसले, आणि हलगीवाला मष्णू यास मागे सारून त्याच्या पुढ्यात ठाण मांडिते जाहले. तो काय चमत्कार! हलगीकडची सारी तोंडे आपोआप पेटीकडे जाहली, आणि रिवाजही राहिला.

मष्णू मात्र रुसला. "म्हंजी समदा गाव दिसनार, आन् मी तेवढा न्हाय?"

"तू ऐकू येशील की रं!" रवळूजी बोलिले. पेटी मुकी आहे, हे शेटजींस पुरते ठाऊक होते. पण दांडा फिरविण्याच्या भरात सांगावयाचे राहिले. दुसरे ऐसे की, मष्णूची हलगी चढली तसा शेटजींचा हातही चढला, आणि सलामीपूर्वीच फीत सरली. एवढ्याने काय अडते, ऐसे समजून शेटजी गप्प बसले. शहाण्या माणसाचे गप्प बसणे गावास नेहमीच महाग पडते.

मग निपाणीस फीत औषधाच्या पाण्यात धुवून, सुकवून, गाडी कोगनोळीवर चालून गेली. तेथे शिवेवर राखेची रेघ ओढिली होती, आणि परगावचे पाऊल आत पडू नये ऐसा हुकूम होता. सबब पेटी आणि उभयता सरदार रेघेबाहेर राहिले. रेघेआत तंबाखूच्या वखारीची पांढरी भिंत, तिजसमोर घराघराने अंतर राखून बसलेले गाव, आणि बाजल्यावर पंचांच्या मुख्य, करारी राजाबाई पाटलीण. दिवेलागणीस शेटजींनी दांडा फिरविला, आणि उचगावचा ताफा भिंतीवर अवतरला. बायका ओरडल्या, एक म्हातारा उठून पळाला, आणि मग जो तो पाहतच राहिला.

इतक्यात कोगनोळीची पोरे कडाडली, "हलगी कुठं हाय? मुक्याचं लेझीम हाय काय ह्ये?"

राजाबाई बोलिल्या, "हलगीबिगर नाच मी धरनार न्हाय."

पण भिंतीपाशी कोगनोळीचा हलगीवाला यल्लाप्पा बसला होता. समोर पावले ऐसी पडताहेत आणि आपली हलगी मांडीवर निजली आहे, हे त्याच्या बोटांस सोसेना. त्याने ठेका धरिला. शेटजींनी दांडा त्या ठेक्यावर आणिला, आणि हलगी चढली तसे भिंतीवरचे पाय चढले.

"यल्लाप्पा, कुणाकडचा रं तू?" पोरे खवळली.

"जिकडं पाय चांगलं पडत्यात, तिकडचा!"

ऐन रंगात भिंत पांढरी जाहली. "अय्यो, सरली की!" शेटजी पुटपुटले. सलामी राहिली. पोरांनी एकच गिल्ला केला. रवळूजींनी लेझीम उपसले आणि रेघेवर पाय टाकिला.

"रवळू, पाय माघारी! आत माझी नातवंडं हाईत." राजाबाई गरजल्या.

रवळूजींनी पाय मागे घेतला. मान जातो तर जावो, पण लेकरांच्या अंगावर ताप घालणारा नायक आज्याच्या वंशात नको, ऐसे म्हणून ते वळले. वळले तो समोर पेटीतला दिवा, आणि मागे यल्लाप्पाची हलगी अजून चालूच होती. रवळूजी दिव्यापुढे जाऊन, हलगीकडे तोंड करून उभे ठाकले, आणि भिंतीवर वखारीएवढी सावली उठली. मग त्यांनी एकट्याने अखेरचा फेर धरिला, आणि गुडघा टेकून सलामी दिली, तशी त्या भल्या थोरल्या सावलीनेही मान लवविली.

"ह्यो तर रेघंभाईर हाय! ह्ये चालनार न्हाय!" पोरे ओरडली.

राजाबाईंनी निवाडा केला: "मानूस भाईर हाय, व्हय. पर नाच आत झाला, माझ्या डोळ्यांम्होरं झाला. आन् सावलीला मानमोडी होत न्हाय. मान उचगावाचा!"

आणि मानाचा नारळ हाती न देता, रेघेवरून घरंगळत बाहेर पाठविला. रवळूजींनी तो उराशी धरिला, आणि डोळे पुसावयास उपरण्याचे टोक शोधू लागले, तो टोक दिव्याने जळून गेलेले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मोहिमेत खर्ची पडले ते उपरण्याचे टोक. मनुष्य एकही नाही. त्याच साली विलायतेकडे मोठमोठ्या राजांची लढाई संपली. तिच्या बखरी बहुत जाड निघतील. ही पातळ आहे, ते का, हे वाचणाराने समजून घ्यावे.