डब्यातली बया

गेणूभाऊंनी रंगाचा डबा हातात घेतला की आमच्या ओळीतल्या सगळ्या चुली विझायच्या. म्हणजे आम्हाला विझवाव्याच लागायच्या.

लग्न होऊन मी खंडाळ्याला आले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी भाकऱ्या थापायला बसले. दारात एक उंच, वाळका माणूस येऊन उभा राहिला. ओळख ना पाळख, म्हणाला, "सूनबाई, चूल इझवा." सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मागं पाणी भरायला गेल्या होत्या. परक्या माणसाशी काय बोलायचं म्हणून मी पदर ओढून गप्प बसले. तो माणूस सरळ आत आला, माझ्याच कळशीतलं पाणी घेतलं आणि चुलीत ओतलं. राखेचा लोट उठला. तव्यावरची भाकरी राखेनं भरली. "बेस झालं," म्हणून तो निघून गेला. मी पिठाचे हात घेऊन तशीच बसून राहिले. मला वाटलं, घरात कुणीतरी गेलंय आणि मला अजून सांगितलं नाही.

आत्याबाई आल्या, चुलीकडं बघून म्हणाल्या, "गेण्या आलता वाटतं. मोटारीला खरचटलं असंल."

आम्ही बंगल्याच्या मागच्या खोल्यांत राहायचो. मालक मुंबईचे, सुट्टीला यायचे. माझे यजमान बागेचं बघायचे, आत्याबाई स्वयंपाक करायच्या, आणि शेवटच्या खोलीत गेणूभाऊ एकटे राहायचे. ते मूळचे भाजे गावचे. मालकांची मोठी काळी मोटार चालवायची आणि जपायची हे त्यांचं काम. घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडायचा आणि मोटारीच्या नाकाडावरचा तिळाएवढा रंग निघायचा. आम्हाला दाखवला तरी दिसायचा नाही. गेणूभाऊ मात्र लेकराचं ढोपर फुटल्यासारखे त्याच्यापुढं बसायचे. "लागलं तिला," म्हणायचे.

मग तो डबा निघायचा. डबा थिनरचा. त्यानं रंग पातळ होतो आणि जागेवरचा जुना मेणचटपणा पुसून निघतो. गेणूभाऊ त्याला थिनर म्हणायचे नाहीत. "बया" म्हणायचे. डब्याला त्यांनी काळा दोरा बांधून त्यात बिब्बा ओवला होता, म्हणजे कुणी हात लावू नये. मला म्हणाले, "सूनबाई, हिच्यात बया हाय. झाकान काढलं की भायेर येती. दिसत न्हाई. भुईवरनं सरपटत जाती आन थेट चुलीकडं पळती." मी त्या रात्री डोक्यावरून पांघरूण घेतलं. यजमानांना विचारलं तर ते पोट धरून हसले.

तिळाएवढ्या डागासाठी त्यांचा थाट बघण्यासारखा असायचा. मोटार उघड्यावर आणायची. वारा कुठून येतो ते चिमूटभर माती उडवून बघायचं आणि वास तोंडावर येणार नाही असं बसायचं. जवळ वाळूची बादली, पाण्यात भिजवलेलं गोणपाट. विडीवाल्याला फाटकाबाहेर काढायचं. थिनर चिंधीवर टिपण्यापुरतं घ्यायचं आणि झाकण लगेच लावायचं. मग बाभळीच्या काट्याच्या टोकावर रंग घेऊन, आपण बाळाला गालबोट लावतो तसा तो डागावर ठेवायचा. मधेच उठून लांब जायचं आणि मोकळा श्वास घ्यायचा. "हिच्या वासानं टकुरं फिरतं," म्हणायचे. सगळं झालं की ती चिंधी पाण्याच्या डब्यात बुडवायची आणि करवंदीच्या जाळीमागं खड्डा करून पुरायची. पुरून झाल्यावर तिथं जरा उभं राहायचं. आमचे यजमान म्हणायचे, "झालं, आता भाऊ चिंधीचं तेरावं घालत्याल."

त्यांच्या खोलीत चूल नव्हती. स्टोव्ह नव्हता, दिवा नव्हता. भिजवलेले पोहे खायचे, चिवडा खायचे, केळी खायचे. मागच्या खोल्यांना वीज नव्हती, तरी अंधारातच बसायचे. एक बॅटरी होती, ती पेटवून काय हवं ते बघायचे आणि लगेच बंद. मी एकदा म्हटलं, "भाऊ, जेवताना तरी लावा." तर म्हणाले, "सेल काय झाडाला लागत्यात व्हय?" सगळे त्यांना चिक्कू म्हणायचे. मीही मनात तेच म्हणत होते.

मग ते नवरात्र आलं. दसऱ्याला मालक सगळ्या घरादारासह येणार, मोटारीची पूजा होणार, आणि त्याच्या आधी घाटात मोटारीच्या नाकावर खडा बसला. अष्टमीला संध्याकाळी गेणूभाऊ दारात आले. आत्याबाईंना म्हणाले, "मावशी, उद्या डबा उघडायचा हाय. चूल तर इझवाच, पन त्यो देवापुढचा दिवाबी इझवा."

माझ्या हातातलं ताट खाली पडलं. घटापुढचा अखंड दिवा. त्याला वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून आत्याबाई रात्रीतून उठून बघायच्या.

"काय म्हनलास?" आत्याबाईंनी विचारलं.

"दिवा—"

"फिरून तोंडातनं काढलंस तर बघ, मुडद्या."

गेणूभाऊ गेले. पण सकाळी त्यांनी माणसं गोळा केली आणि मोटार चालू न करता ढकलत ढकलत बंगल्यापासून लांब, पार खालच्या माळावर नेली. आम्हाला वाटलं, चला, मिटलं.

पण नवमीला हत्यारं पूजतात. आत्याबाईंनी कोयता पूजला, कुदळ पूजली, पाटा-वरवंटा पूजला. मग म्हणाल्या, "गेण्याचं हत्यार म्हंजे मोटार. माळावर एकटीच हाय ती. चल गं." राग त्यांच्या पोटात फार वेळ टिकायचा नाही. ताटात निरांजन पेटवून त्या निघाल्या आणि तांब्या घेऊन मी मागं.

गेणूभाऊ पाठमोरे बसले होते. शेजारी डबा, नुकताच उघडलेला. आमची चाहूल लागून त्यांनी वळून बघितलं. ते ओरडले नाहीत. ओलं गोणपाट उचललं आणि सरळ आत्याबाईंच्या ताटावर फेकलं. ताट खाली पडलं. त्यांनी दोन्ही गुडघे गोणपाटावर दाबले आणि तसंच लांब हात करून डब्याचं झाकण लावलं.

मी पदर तोंडात कोंबला. नवमीच्या दिवशी ओवाळायचा दिवा एका माणसानं गुडघ्याखाली विझवला होता. आत्याबाईंचा हात ताट धरल्यासारखा तसाच वर राहिला होता. लोक धावत आले. आत्याबाई हळू आवाजात बोलल्या, आणि त्या हळू बोलल्या की मला जास्त भीती वाटायची. "उद्या मालक येत्यात. ह्यो मानूस हितं ऱ्हानार न्हाई." मालक लहानपणापासून त्यांच्या हातचं खाऊन वाढलेले. त्यांचा शब्द म्हणजे झालंच. गेणूभाऊंची खोलीही गेली आणि मोटारही गेली, हे सगळ्यांनाच कळलं.

गेणूभाऊ चिखलातल्या अक्षता वेचून ताटात ठेवत होते.

"बोल की," आत्याबाई म्हणाल्या. "वाचा बसली का?"

"चिंधी व्हती, मावशी," ते ताटाकडं बघत म्हणाले. "झाकान लावलंतं मी. चिंधीचं ध्यान ऱ्हायलं न्हाई. बयेनं वलीच व्हती, घरात चुलीपाशी टाकली. चंद्रीनं तवा धराया घेतली."

चंद्री कोण ते कुणी विचारलं नाही. त्यांचं लग्न झालं होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. माझे यजमान खाली मान घालून उभे होते. माझ्या डोळ्यांपुढं माझी ती राखेनं भरलेली भाकरी आली.

आत्याबाई गवतात खाली बसल्या. मग म्हणाल्या, "डबा घट्ट लावलास?"

"व्हय."

"आन आजची चिंधी?"

"पान्यात हाय."

"चल, पुरून येऊ." आणि त्या त्यांच्याबरोबर करवंदीच्या जाळीमागं गेल्या. तिथं दोघंही जरा उभी राहिली.

दसऱ्याला मालक आले. मोटारीला झेंडूचा हार घातला होता. डाग कुठं होता ते शोधूनही सापडेना. गेणूभाऊ बाजूला उभे होते आणि त्यांची ट्रंक दोरीनं बांधून खोलीच्या दारात ठेवलेली होती. मालक म्हणाले, "मावशी, ओवाळा." सगळे आत्याबाईंकडं बघायला लागले.

"गेण्या," आत्याबाई म्हणाल्या, "तुजी बॅटरी आन."

त्यांनी ताटातलं निरांजन काढून माझ्या हातात दिलं, पेटवलेलं नव्हतंच. त्या जागी बॅटरी उभी केली, कळ दाबली आणि मोटारीला ओवाळायला लागल्या. मालकांना हसू आलं. "मावशी, हे काय?"

"हिला ज्योत सोसत न्हाई," त्या म्हणाल्या. मग ताट घेऊन तशाच गेणूभाऊंकडं वळल्या. "हलू नगंस." त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्यांनाही ओवाळलं. गेणूभाऊ हात मागं बांधून उभे राहिले. वास येऊ नये म्हणून ते आमच्यापुढं हात नेहमी मागंच बांधायचे. मला ते त्या दिवशी कळलं.

"ट्रंक आत ठेव," जाता जाता आत्याबाई म्हणाल्या.

दिवेलागणीला मी पाणी घेऊन येत होते. शेवटच्या खोलीत उजेड होता. कोनाड्यात बॅटरी उभी करून ठेवली होती, तिच्यापुढं ताटातलं झेंडूचं फूल होतं, आणि गेणूभाऊ भिंतीला टेकून समोर बसले होते.

आत्याबाईंनी दारातूनच हाक मारली. "गेण्या, सेल जातील की रं."

"जाऊंद्यात," ते आतून म्हणाले.