वॉशरवरचा हक्क सोडल्याबाबत

लग्न हे दोन जिवांचं मीलन असलं, तरी घर लग्नाआधीचं असेल तर ते एकाच जिवाचं असतं. हे मी गेली बावीस वर्षं, वकील या नात्याने, नवरदेवांना समजावत आलोय.

माझे सर्वांत आज्ञाधारक अशील म्हणजे एक घड्याळजी. लग्नाआधी घेतलेलं दोन खोल्यांचं घर, त्यात सगळा जीव. लग्नाला आठवडा असताना त्यांनी विचारलं, "साहेब, उद्या फिसकटलं तर घर जाणार नाही ना?"

मी म्हटलं, "बायकोनं घरात भर घातली की तिनं पाय रोवलाच समजा. भर घालू देऊ नका."

गृहस्थ शब्दाचा पक्का. बायको शिवणकाम करणारी. आल्या आल्या तिनं पडदे बेतायला घेतले. आता पडदा म्हटला की दांडी आली, दांडीला खिळा आला, आणि भिंतीत ठोकलेला खिळा म्हणजे स्थावर. पडदे रद्द. नऊ वर्षं समोरच्या बिऱ्हाडानं यांचा संसार फुकटात पाहिला (यालाच पारदर्शक कारभार म्हणतात).

या काळातलं बाईंचं योगदान: खिळे शून्य, रंगकाम शून्य, कुंडी एक (उचलता येते, म्हणून जंगम), टोमणे अगणित (तेही जंगमच).

एकदा मात्र घात झाला. मोरीतला नळ गळायचा. घड्याळजी दुकानात असताना बाईंनी स्वतः नवा वॉशर बसवला. गळती थांबली आणि नवरा धावत सुटला! धापा टाकत ते माझ्याकडे आले. आम्ही तातडीने वॉशर काढला, गळती पूर्ववत केली आणि बाईंसमोर हक्कसोडपत्र ठेवलं.

सही करताना त्या म्हणाल्या, "अहो, एक दिवस तरी हे आपलं घर वाटावं, एवढंच होतं हो मनात." वाक्य धोकादायक असल्याने आम्ही ते कागदावर घेतलं नाही.

दोन महिन्यांनी घटस्फोटाचा अर्ज आला, बाईंकडून. न्यायाधीशांनी विचारलं, "घरात तुमचं काय आहे?"

"काही नाही, साहेब. यांनी होऊच दिलं नाही."

सात मिनिटांत निकाल. घर सहीसलामत! घड्याळजी कोर्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले (आनंदाश्रू असावेत).

तेव्हापासून माझ्याकडे रांग लागलीय. बाई आता कुठे राहतात, हे रांगेतल्या एकानंही विचारलेलं नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत? तुम्ही मघापासून आपल्या घराचा कागद कुणाच्या नावावर आहे, तेच आठवताय. या, बसा. जोडीदाराला बाहेर थांबू दे.