अप्पांचं भस्म आणि लिनक्सची सीडी

विश्वनाथअप्पांच्या दुकानात नवी वस्तू आली की आधी तिला भस्म लागायचं. तराजू, सायकल, टेलिफोन, एकदा तर विजेचं मीटरसुद्धा. तीन बोटं, तीन आडव्या रेघा. कोणी एखाद्या वस्तूवर चिडलं की अप्पा मध्ये पडायचे, "गरिबाला कावून बोलता?"

दिंद्रुड गावात त्यांच्या किराणा दुकानावरच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास काढत होतो, तोही चांगली नोकरी सोडून. सोमवारी पहिली बॅच होती. जुने दोन कॉम्प्युटर होते, आणि त्यांत टाकायला पुण्याच्या मित्राने लिनक्सची, म्हणजे कॉम्प्युटर चालवणाऱ्या फुकट प्रणालीची, सीडी पोस्टाने पाठवली होती. मी बाहेर होतो म्हणून पाकीट अप्पांनी घेतलं आणि उघडूनही ठेवलं.

शनिवारी सीडी घातली. काम निम्म्यावर जाऊन अडलं. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. केबली काढून घातल्या, हार्ड डिस्क पुसली. दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच. रविवारी सकाळी मी कॉम्प्युटरच्या डब्यावर एक थाप हाणली. नोकरी तर सोडलीच होती, आता क्लासही जाणार म्हणून रडायचाच बाकी होतो.

"गरिबाला कावून मारता, मास्तर?" अप्पा चहा घेऊन दारात उभे.

"दोन्ही बिघडलेत, अप्पा."

"दोनी एकाच जागी अडतेत?"

"हो."

"मग ते चांगले हायत. दोन तराजू एकच खोट दावाय लागले, तर वजन तपासावं."

मी सीडी काढून उजेडात धरली. चकचकीत बाजूवर शेजारी शेजारी तीन आडवे ओरखडे! अप्पांनी ते पाहिले, मग आपल्या तीन बोटांकडे पाहिलं.

"पुसलं व्हतं की मी," ते पुटपुटले. "धोतरानं. चांगलं घासून."

मला हसू आवरेना, पण अप्पांचा चेहरा पडला. मी बीडच्या एका ओळखीच्या क्लासवाल्याला फोन केला. त्याच्याकडे तीच सीडी होती. अप्पांनी भर गिऱ्हाइकीत दुकान बंद केलं आणि एसटी धरली. संध्याकाळी परतले ते सीडी धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून.

या वेळी काम निम्मं ओलांडून पार शेवटापर्यंत गेलं. अप्पांचा हात सवयीनं भस्माच्या डबीकडे वळला. मी घाईनं कॉम्प्युटरपुढे आडवा झालो, तर ती तीन बोटं माझ्याच कपाळावर फिरली.

"माणसालाच लावायचं असतंय, मास्तर. पर घरची वारली, तवापासून घरात माझ्याबिगर दुसरं कपाळच न्हाई."

त्या माणसाचे उपकार मी विसरलेलो नाही. पुढे क्लास चालला तेवढी वर्षं, रोज सकाळी कॉम्प्युटर चालू करण्याआधी मी खाली दुकानात जायचो आणि कपाळ पुढे करायचो.